शांतिसेनेच्या कपातीत दुभाष्याचीही गणती व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निधी आटल्यामुळे संयुक्त राष्ट्रांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये शांतिसैनिकांची संख्या सुमारे एक चतुर्थांशाने घटवण्याचे जाहीर केले. तेव्हापासून या विषयावर जे छापून येते, त्यात मोजदाद फक्त जवानांची असते. भारताच्या किती तुकड्या परतणार, कोणत्या देशाचे किती पैसे थकले, एवढेच. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण जवान हा मोहिमेचा नोकर नसतो. तो आपापल्या देशाच्या सैन्याचा असतो. त्याच्यापोटी संयुक्त राष्ट्रे त्याच्या सरकारला दरमहा ठरावीक रक्कम देतात (२०१८ साली ती माणशी १,४२८ डॉलर ठरली होती), आणि मोहीम संपली की तो आपल्या पलटणीत परत जातो. मोहिमेचे स्वतःचे नोकर वेगळे. त्यांत परदेशातून आलेले अधिकारी व तंत्रज्ञ आहेत, संयुक्त राष्ट्रांचे स्वयंसेवक आहेत आणि त्याच देशातले स्थानिक कारकून, चालक, परिचारिका, दुभाषे आहेत. या सर्वांना आणणे, पगारावर चढवणे, रजेवर सोडणे आणि शेवटी कार्यमुक्त करणे हे मनुष्यबळ विभागाचे काम. आपल्या सरकारी कचेऱ्यांत ज्याला आस्थापना म्हणतात, तेच. कपातीची झळ सर्वांत जास्त कोणाला बसते, हे या विभागाच्या टेबलावरून जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडून दिसत नाही, म्हणून हे पत्र.

पूर्व काँगोतला उत्तर किवू प्रांत घ्या. गोमा आणि आसपासच्या भागात भारतीय ब्रिगेड वर्षानुवर्षे तैनात राहिली. जवानांना हिंदी येते, थोडी इंग्रजी येते. गावात स्वाहिली चालते. बेनी-लुबेरोकडे किनांदे, रुत्शुरू-मासिसीकडे किन्यारवांडा, आणि सरकारी कागद फ्रेंचमध्ये. गस्तीची गाडी गावात थांबते तेव्हा बोलायला पुढे होतो तो स्थानिक दुभाषा. रात्री कोण आले होते, कोणत्या वाटेने गेले, आपसात कोणती भाषा बोलत होते, बायका शेतावर जायला हल्ली कोणती वाट टाळतात, हे सगळे तोच विचारतो. २०१० पासून काँगोतल्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेने लष्करी तळांवर 'कम्युनिटी लिएझन असिस्टंट' नेमायला सुरुवात केली. गावप्रमुखांशी फोनवर रोज संपर्क ठेवायचा आणि धोक्याची कुणकुण लागताच तळाला कळवायचे, हे त्यांचे काम. हे पद रिकामे असेल तर गस्त होते, पण मुकी. घरे मोजायची, छायाचित्रे घ्यायची आणि परत यायचे.

आता हे पद भरताना कुठे चुकते ते पाहा. मुख्यालयातल्या जुन्या नमुन्यावरून जाहिरात निघते: फ्रेंच आणि स्वाहिली आवश्यक. उमेदवार मिळतो, परीक्षेत उत्तम गुण मिळवतो, पण ज्या तळावर जायचे तिथले म्हातारे कोतारे फक्त किनांदे बोलतात. किंवा भाषा येते, पण त्याच्या उच्चारावरून तो कोणत्या समाजाचा हे गावाला पहिल्या वाक्यात कळते आणि पुढे कोणी तोंड उघडत नाही. कधीकधी तर त्या रस्त्याने जाणे त्याच्याच जिवावर बेतू शकते. म्हणून जाहिरात तळागणिक लिहावी लागते आणि निवडीपूर्वी त्या तळावरच्या नागरी अधिकाऱ्याशी बोलावे लागते. यात आठ-पंधरा दिवस जास्त जातात, पण ते वाया जात नाहीत.

परदेशातून माणूस आणायचा तर साखळी आणखी लांब. शांतिमोहिमांचे आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. अंदाजपत्रकाच्या सल्लागार समितीने छाननी केल्यावर महासभेची पाचवी समिती (प्रशासन व अंदाजपत्रक पाहणारी) पदे ठरवते आणि प्रत्येक पदाला क्रमांक असतो. त्या क्रमांकावर आधीचा माणूस धारणाधिकार, म्हणजे परत येण्याचा हक्क, ठेवून दुसऱ्या मोहिमेत तात्पुरता गेला असेल, तर ते पद दिसायला रिकामे, पण नियमित नेमणुकीला बंद. तिथे फक्त तात्पुरता माणूस घेता येतो, तोही ३६४ दिवसांच्या आत. पद मोकळे असेल तर आधी रोस्टर पाहतात, म्हणजे पूर्वीच परीक्षा-मुलाखत होऊन पुनरावलोकन मंडळाने मान्य केलेल्यांची यादी. तीत योग्य माणूस मिळाला तर काम लवकर होते. नाही तर जाहिरात, छाननी, लेखी परीक्षा, क्षमताधारित मुलाखत, मंडळ. महिने जातात.

निवड झाली म्हणजे माणूस आला, असा पुष्कळांचा समज असतो. खरा खोळंबा निवडीनंतर सुरू होतो. पदवीची पडताळणी विद्यापीठाकडून व्हावी लागते. आधीच्या नोकऱ्यांचे दाखले तपासले जातात. लैंगिक गैरवर्तनाच्या प्रकरणात पूर्वी काढून टाकलेला माणूस नाव बदलून पुन्हा येऊ नये म्हणून 'क्लिअरचेक' या सामायिक यादीत शोध घेतला जातो. वैद्यकीय मंजुरी, व्हिसा आणि 'बीसेफ' हे सुरक्षा-प्रशिक्षण वेगळेच. पिवळ्या तापाची लस टोचल्यावर दाखला दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. आदल्या आठवड्यात टोचून निघालेल्याला विमानतळावर अडवले तर सगळी आखणी कोलमडते.

इथे मराठी उमेदवारांसाठी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आपली मुले-मुली एका साध्या गोष्टीत अडकतात. आपल्या शालान्त प्रमाणपत्रावर आणि बऱ्याच पदव्यांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत. लग्नानंतर नाव-आडनाव बदललेल्या बाईची पदवी एका नावावर, अनुभवाचा दाखला दुसऱ्या नावावर आणि पासपोर्ट तिसऱ्याच मांडणीचा. हे नाशिकच्या माणसाला एका नजरेत कळते, पण दुसऱ्या खंडातल्या कार्यालयात पडताळणी करणाऱ्याला ती तीन वेगळी माणसे वाटतात. अर्ज पासपोर्टप्रमाणेच भरावा. राजपत्रातील नावबदलाची प्रत, विवाहनोंदणी दाखला आणि त्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर पहिल्या दिवसापासून तयार ठेवावे. महाविद्यालयाचे नव्हे, पदवी देणाऱ्या विद्यापीठाचे नाव लिहावे. अनुभव महिन्यांत मोजला जातो आणि एकाच काळातल्या दोन नोकऱ्या एकदाच धरल्या जातात. पी-३ या अधिकारी दर्जाच्या पदाला पदव्युत्तर पदवी व पाच वर्षांचा अनुभव लागतो, नुसती पदवी असेल तर सात. तीन महिने कमी पडले तरी छाननीत नाव गळते आणि त्यावर कोणाची शिफारस चालत नाही. संयुक्त राष्ट्रे अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण वा प्रक्रियेसाठी एक पैसाही घेत नाहीत. 'मिशनमध्ये नोकरी' म्हणून कोणी अनामत मागत असेल तर ती फसवणूक आहे, हे आपल्या वृत्तपत्राने चौकटीत छापावे, एवढी ती सर्रास चालते.

नोकरीवर रुजू झाल्यावर दोन प्रकारच्या माणसांची वाट वेगळी होते. परदेशी कर्मचाऱ्याला ठिकाण किती खडतर यावर भत्ता असतो, ठरावीक आठवड्यांनी विश्रांतीची रजा असते आणि लढाई पेटली तर त्याला विमानाने बाहेर काढतात. स्थानिक कर्मचारी सहसा तिथेच राहतो. त्याला पगाराची उचल मिळते, अगदी अपवादात्मक प्रसंगी देशातल्या देशात हलवतात. दक्षिण सुदानात डिसेंबर २०१५ मध्ये पाउंडचा सरकारी दर एका झटक्यात डॉलरला सुमारे तीनवरून अठराच्या पुढे गेला. अशा घसरणीत स्थानिक चलनात ठरलेली वेतनश्रेणी पुढच्या वेतन-पाहणीपर्यंत थांबू शकत नाही. विशेष उपाय तातडीने मागून घ्यावे लागतात आणि ते मागायला बाजारभाव गोळा करणारा माणूस विभागात असावा लागतो.

आता कपातीकडे येतो. माली सरकारच्या मागणीवरून सुरक्षा परिषदेने ३० जून २०२३ रोजी तिथली मोहीम संपवली आणि माघारीला ३१ डिसेंबरपर्यंतचा वेळ दिला. सहा महिने. काँगोतल्या दक्षिण किवूतून जून २०२४ मध्ये मोहीम बाहेर पडली. लेबननमधली १९७८ पासूनची मोहीम ३१ डिसेंबर २०२६ रोजी थांबायची आहे आणि त्यानंतर वर्षभरात माघार पूर्ण करायची आहे.

पदे कमी होतात तेव्हा एका कामाची सगळीच पदे गेली तर त्याला 'ड्राय कट' म्हणतात. तिथे निवडीचा प्रश्नच नसतो. दहापैकी सहा राहणार असतील तर तुलनात्मक पुनरावलोकन करतात: त्याच दर्जाचे, त्याच कामाचे लोक एकत्र घेऊन सेवाकाळ आणि वार्षिक कामगिरी अहवाल यांवर गुण देतात. गोची इथेच होते. कामगिरीचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते, पण वरिष्ठ बदलून गेला, नवा आला नाही, अहवाल अर्धवट राहिला, आणि हे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. पुनरावलोकनाच्या दिवशी फाइलमध्ये अहवाल नाही म्हणून गुण जातात ते चालकाचे. चूक वरिष्ठाची, नोकरी चालकाची. यावर उपाय एकच: कपातीची कुणकुण लागण्याआधी, दरवर्षी एप्रिल-मेमध्ये, अपूर्ण अहवालांची यादी काढून वरिष्ठांच्या मागे लागणे.

दुसरी गोष्ट पैशांची. मुदतबंद नेमणूक मुदतीपूर्वी रद्द केली तर नुकसानभरपाई मिळते. मुदत आपोआप संपली तर मिळत नाही. म्हणून करार मोहिमेच्या शेवटच्या तारखेपर्यंतच वाढवले जातात आणि बारा वर्षे काम केलेला माणूस भरपाईविना घरी जातो. हे नियमात बसते, पण न्याय्य आहे असे आम्हाला वाटत नाही. हाती येते ते शिल्लक रजेचे पैसे, जास्तीत जास्त ६० दिवसांचे, आणि निवृत्तिवेतन निधीतली रक्कम. पाच वर्षे वर्गणी भरली नसेल तर निवृत्तिवेतनाचा हक्क नाही, फक्त परतावा. त्यासाठी मोहिमेने सेवासमाप्तीचा आदेश व सूचना पाठवायची आणि कर्मचाऱ्याने स्वाक्षरीचा पैसे-सूचना अर्ज. तिन्हींपैकी एक अडला की सगळे अडते. शिवाय बँकखाते चालू हवे. जानेवारी २०२५ मध्ये गोमा एम-२३ या बंडखोर गटाच्या ताब्यात गेल्यावर तिथल्या बँका बंद पडल्या. ज्याचे खाते तिथेच, त्याने काय करायचे?

आणि शेवटचा कागद म्हणजे ना-देय पत्रक. त्यावर वायरलेस संच, लॅपटॉप, ओळखपत्र, वाहन परवाना, खोलीची किल्ली, प्रत्येकापुढे एकेक सही. तळ बंद होताना भांडारपाल आधी निघून गेलेला असतो आणि एका चार्जरपायी शेवटचा पगार थांबतो. आफ्रिकेतल्या मोहिमांचे पैसे-पगाराचे कागद युगांडातल्या एन्टेबीच्या प्रादेशिक केंद्रात जातात. तिथला माणूस पत्रकावर कोरी जागा दिसली की पुढे जाऊच शकत नाही. म्हणून तळ बंद होण्याच्या साठ दिवस आधी प्रत्येकाच्या नावावरच्या वस्तूंची यादी त्याच्या हाती द्यावी आणि सही करणारा अधिकारी सर्वांत शेवटी हलवावा.

पण प्रत्यक्षात कपात आली की मनुष्यबळ विभागाची पदे पहिल्याच फेरीत जातात, कारण कागदावर ती 'सहायक' ठरतात. नेमका कार्यमुक्तीचा डोंगर उभा राहतो तेव्हा तो उपसायला चार माणसे उरतात.

पाचव्या समितीत भारत सैन्याच्या थकीत रकमेबद्दल बोलतो, आणि बोललेच पाहिजे. त्याच टेबलावर आपल्या प्रतिनिधींनी आणखी तीन मागण्या कराव्यात. मोहीम संपल्यावर किमान सहा महिने मनुष्यबळाची पदे ठेवावीत. दीर्घ सेवेच्या स्थानिक कर्मचाऱ्यांना मुदत संपली तरी भरपाई मिळावी. आणि गस्तीबरोबर गेलेल्या दुभाष्यांची नावे, धोका पाहून, तळ सोडण्याआधी भलत्या हाती पडणार नाहीत अशी सुरक्षित केली जावीत. लेबननच्या मोहिमेत भारतीय तुकडी आहे, म्हणून या मागण्यांचा पाठपुरावा तिथूनच सुरू व्हावा. भारतीय जवान परत येतील त्या दिवशी त्यांच्या स्वागताचे छायाचित्र आपण छापालच. त्याच बातमीत, तिथे मागे राहिलेल्या स्थानिक कर्मचाऱ्यांची देणी चुकती झाली का, हेही विचारून छापावे, ही विनंती.

आपले,
क्षेत्रीय मोहिमांच्या मनुष्यबळ कामाशी परिचित काही वाचक, पुणे