येरवड्यातला डाव

पुणे,
दि. १२ जानेवारी

तीर्थरूप बाबांस व सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी येरवड्याच्या मध्यवर्ती कारागृहात बंद्यांशी बुद्धिबळ खेळून आले, असे रविवारी फोनवर सांगितले तेव्हा बाबा काही बोलले नाहीत आणि आईने एवढेच विचारले, "ज्यांच्या घरातले माणूस या लोकांमुळे गेले, त्यांना हे कळले तर काय वाटेल?" या प्रश्नाला घाईघाईने उत्तर देणे मला बरे वाटले नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बाबा, तुम्हाला आठवत असेल, ऑक्टोबर २०२३ मध्ये कैद्यांच्या आंतरखंडीय ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धेत येरवड्याच्या संघाने सुवर्णपदक मिळवले, ती बातमी तुम्हीच मला फोनवर वाचून दाखवली होती आणि तुमच्या आवाजातले कौतुक लपत नव्हते. ही स्पर्धा बुद्धिबळाची जागतिक संघटना, म्हणजे फिडे, आणि शिकागोच्या कुक काउंटीचा तुरुंग यांनी मिळून २०२१ साली सुरू केली. त्या तुरुंगात २०१२ पासूनच बंद्यांना बुद्धिबळ शिकवले जात होते. आपल्याकडे २०२१ च्याच स्वातंत्र्यदिनी इंडियन ऑइलने 'परिवर्तन' हा उपक्रम हाती घेतला, त्यातून कारागृहांमध्ये खेळांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि येरवड्यातल्या खेळाडूंना आपल्या पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे यांचे मार्गदर्शन लाभले. शिकवणे एकीकडे, पण शिकलेल्याला सराव हवा आणि सरावाला नवा प्रतिस्पर्धी हवा. त्याच त्याच चार माणसांशी खेळून खेळ वाढत नाही, हे नूतन बुद्धिबळ मंडळात इतकी वर्षे काढलेल्या तुम्हाला मी काय सांगावे!

दरवाजावर नोंदवहीत नाव लिहून, मोबाइल आणि पर्स जमा करून आणि झडती देऊन आम्ही चौघे आत गेलो. एका लांब खोलीत पट मांडून ठेवलेले होते. माझ्यासमोर साठीच्या आसपासचे एक गृहस्थ बसले. जन्मठेपेचे बंदी आहेत एवढे शिपायाने सांगितले. गुन्हा कोणता, हे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. पहिल्या चालीपासून त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. विचार पक्का झाला की उजवा हात बाहेर यायचा, सोंगटी उचलून घरात ठेवायचा, चाल कागदावर लिहायचा आणि पुन्हा मांडीखाली जायचा. "हात लागला की ती सोंगटी खेळावीच लागते आणि माझा हात फार उतावळा आहे," असे ते म्हणाले. ते वाक्य त्यांनी खेळापुरतेच उच्चारले असेल. मला मात्र त्यानंतर काही क्षण पटावरचे काही दिसेना.

खेळ ते गावाकडच्या जुन्या पद्धतीने शिकलेले होते. आजोबांनी मला पहिल्यांदा शिकवले तेच नियम: प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरकणार, राजाला शह लागलेला नसेल तर त्याला एकदाच घोड्याची चाल मिळणार. आंतरराष्ट्रीय नियम त्यांनी आत आल्यावर आत्मसात केले, तरी सवय अजून बोटांत आहे. तीन डावांत तीन वेळा प्यादे एक घर सरकवून त्यांनी स्वतःशीच मान हलवली.

पहिल्या दोन डावांत एक मी जिंकले, एक त्यांनी. त्यांचा विजय नीट कमावलेला होता, कारण वजिराच्या बाजूने प्यादी पुढे काढून त्यांनी माझा उंट कोंडला तो शेवटपर्यंत सुटला नाही. तिसऱ्या डावात अखेरीस माझ्याकडे राजा आणि हत्ती उरला आणि त्यांच्याकडे एकटा राजा. ते हसून म्हणाले, "जुन्या नियमाने बुर्जी झाली, ताई." एका बाजूला एकटा राजा उरला की मात न करताच डाव तिथे संपायचा, ती बुर्जी. कितीतरी वर्षांनी तो शब्द कानावर पडला. मला भरून आले आणि डाव बरोबरीत सोडावा म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. "बाहेरचे लोक दया करून डाव सोडतात. तुम्ही मात करा," असे ते शांतपणे म्हणाले. मग मी मात केली. त्याला चौदा चाली लागल्या आणि त्यातली प्रत्येक चाल त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिली, शेवटी 'मात' लिहून त्याखाली रेघ ओढली आणि सही केली.

आई, तुझा प्रश्न खरा आहे. ज्या घरातले माणूस गेले, त्या घराच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार मला नाही आणि तसे काही करायला मी गेलेही नव्हते. त्यांची शिक्षा न्यायालयाने ठरवली आहे आणि ते ती भोगत आहेत. माझ्या तीन डावांनी त्यातला एक दिवसही कमी होत नाही. पण ज्याच्या हातून उतावळेपणाने काही भयंकर घडून गेले असेल, त्या माणसाला हात आवरून विचार करण्याचा सराव मिळत असेल, तर तो त्याला कोणीतरी दिला पाहिजे असे मला मनापासून वाटते, आणि तो देताना त्याच्याशी पूर्ण ताकदीने खेळले पाहिजे. त्या घरातल्या कोणी मला उद्या जाब विचारलाच, तर मी त्यांच्यापुढे हेच सांगेन, आणि तरीही त्यांना राग आला तर तो ऐकून घेईन.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत. बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. निघताना त्या गृहस्थांनी विचारले की, प्यादे घोड्याच्या घरात शेवटपर्यंत पोहोचून त्याचा घोडा झाला, तर त्याला लगेच आणखी एक चाल मिळते असे त्यांच्या गावात खेळायचे. ते सगळीकडे होते की फक्त त्यांच्याकडे? मला सांगता आले नाही. सांगलीला वडिलांना विचारून कळवते, असे मी त्यांना कबूल केले आहे. आजोबा कसे खेळत असत ते आठवून दोन ओळी लिहून पाठवा, म्हणजे जाताना तुमचेच पत्र सोबत घेऊन जाता येईल.

आईच्या गुडघ्याचे तेल कुरियरने पाठवले आहे.

तुमची,
थोरली