नातीच्या नावाविषयी

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर नावाचा विषय निघाला आणि बाबांनी एकामागून एक हरकती मांडायला सुरुवात केली, तेवढ्यात बाळ उठल्यामुळे मला बोलणे अर्धवट सोडावे लागले. बाबांशी वाद तोंडी झाला तर तो तेच जिंकतात. लेखी असेल तर मात्र शेवटपर्यंत वाचून घेतात. म्हणून हे पत्र लिहीत आहे. बारशाला अजून अवकाश आहे आणि मला हे नाव तुमच्या नाखुशीने ठेवायचे नाही.

बाळाचा जन्म कृत्तिकेच्या दुसऱ्या चरणावरचा असल्यामुळे अक्षर 'ई' निघाले, हे आईनेच पंचांग पाहून सांगितले होते. त्या अक्षरावर ईशा, ईश्वरी, इशिता अशी बरीच नावे सुचवली गेली आणि त्यांतले एकही वाईट नव्हते. परंतु 'इरावती' हे नाव मनात आले आणि बाकीची यादी मी पुन्हा उघडली नाही. (पंचांगवाले ऱ्हस्व-दीर्घाची फार चिकित्सा करीत नाहीत, त्यामुळे तेवढ्यावरून अडू नये.)

आधी अर्थ सांगते, कारण 'हे नक्की काय?' हा आईचा पहिला प्रश्न होता. 'इरा' म्हणजे पिण्याजोगे, तृप्त करणारे द्रव्य. पाणी, दूध, अन्नरस हे सारे त्यात येते. 'वती' म्हणजे ते जिच्यापाशी आहे ती. सरस्वती हा शब्द जसा 'सरस्' आणि 'वती' मिळून झाला, तशीच ही घडण आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील विष्णुसूक्तात आकाश आणि पृथ्वी या जोडीला उद्देशून 'इरावती धेनुमती हि भूतम्' असे म्हटले आहे. म्हणजे तुम्ही दोघी अन्नपाण्याने भरलेल्या आणि दुभत्या गाईंनी युक्त अशा व्हा. तेथे ते द्विवचनी विशेषण आहे, नाव नव्हे, हे बाबा लगेच दाखवून देतील, म्हणून मीच आधी सांगून टाकते. परंतु माणसाला जगायला जे लागते ते जिच्याकडे भरपूर आहे अशी, हा अर्थ त्या विशेषणातच पक्का झाला होता आणि मुलीच्या नावासाठी याहून अधिक काही मागावे असे मला वाटत नाही.

अमरकोशात 'इरा' या शब्दाचे चार अर्थ एका दमात दिले आहेत: भूमी, वाणी, सुरा आणि पाणी. तिसरा अर्थ वाचून बाबांच्या भुवया उंचावणार हे मला ठाऊक आहे, आणि त्यात भर म्हणजे कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'तली राणी इरावती तिसऱ्या अंकात रंगमंचावर येते तीच मुळी मद्याच्या धुंदीत. पुढे राजाला मालविकेशी लाडीगोडी करताना पाहून ती आपल्या कमरपट्ट्यानेच त्याला मारायला धावते. संस्कृत नाटकांतल्या राण्या सहसा रुसतात, डोळे पुसतात आणि समजूत निघण्याची वाट पाहतात. त्यांच्यात ही एक निराळी. आमच्या मुलीने मद्याचा भाग सोडून बाकीचे घेतले तर माझी हरकत नाही.

नदी म्हणून हे नाव फार जुने आहे. यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या आपल्या ग्रंथात, 'इरावतीं परुष्णीत्याहुः' असे लिहून ठेवले आहे. ज्या परुष्णीच्या काठी सुदास राजाचे दहा राजांशी युद्ध झाले, तिलाच इरावती म्हणतात. अलेक्झांडरच्या स्वारीची हकिगत लिहिणाऱ्या ग्रीकांनी तिचा उच्चार 'हायड्राओटीस' असा केला, आणि पंजाबच्या लोकांच्या तोंडी झिजत झिजत तिची 'रावी' झाली. चंबा आणि लाहोर ज्या नदीकाठी वसले तीच ही. मला यातली गंमत अशी वाटते की आईला भीती आहे ती नाव तोडून पुढचे 'इरा' तेवढे उरेल याची, आणि तिकडच्या लोकांनी पुढचा 'इ' टाकून मधलेच अंग ठेवले. लांब नावाचे लोक आपल्या सोयीने काय करतील ते आपल्या हातात कधीच नसते.

दुसरी इरावती ब्रह्मदेशात आहे, आणि आपल्याकडे बहुतेकांना हे नाव ठाऊक आहे ते तिच्यामुळे. काचिन प्रदेशात दोन प्रवाहांच्या संगमातून ती निघते आणि दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर उत्तरेकडून दक्षिणेकडे कापून अंदमानच्या समुद्राला मिळते. इंग्रजांनी तिचे स्पेलिंग दोन 'आर' आणि दोन 'डी' घालून केले होते. १९८९ साली तिथल्या सरकारने देशाचे नाव बदलले तेव्हा रोमन लिपीतले नदीचे नावही स्थानिक उच्चाराला धरून 'एयावडी'सारखे केले. तिच्या काठच्या मंडालेशी मराठी माणसाचा संबंध निराळा सांगायला नको, कारण १९०८ ते १९१४ या काळात टिळक तिथल्याच तुरुंगात होते. उलट दिशेने पाहिले तर नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी थिबा राजाला त्याच मंडालेहून आगबोटीत बसवून या नदीतूनच खाली नेले आणि पुढे त्याचे उरलेले आयुष्य रत्नागिरीत गेले. बाबा, तुम्ही आम्हाला लहानपणी थिबा राजवाडा दाखवला होता तेव्हा ही नदी तुमच्या बोलण्यात आली नव्हती, एवढीच माझी तक्रार आहे.

आता बाबांच्या दोन शास्त्रोक्त हरकती. पहिली अशी की नदीचे नाव असलेल्या मुलीशी विवाह करू नये असे मनुस्मृतीत सांगितले आहे. खरे आहे, तिसऱ्या अध्यायात 'नर्क्षवृक्षनदीनाम्नीम्' असे आरंभीच येते. पण त्याच ओळीत नक्षत्र आणि वृक्ष यांचीही नावे वर्ज्य आहेत, आणि आपल्याच घरात पणजी गोदावरी होती व आत्या रोहिणी आहे. दोघींची लग्ने वेळेवर झाली. महाराष्ट्राने हा नियम इतक्या पिढ्या इतक्या सहजपणे मोडला आहे की गंगा, यमुना, कृष्णा, नर्मदा, कावेरी यांतले एकही नाव नसलेले घराणे शोधावे लागेल. शिवाय दुसऱ्या अध्यायात मनूनेच मुलीचे नाव कसे असावे ते सांगितले आहे: उच्चारायला सोपे, क्रूर नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मनोहर, मंगल, शेवटी दीर्घ स्वर असलेले आणि आशीर्वाद वाटेल असे. या सात कसोट्यांपैकी इरावती कुठल्या कसोटीवर नापास होते ते बाबांनी मला सांगावे.

दुसरी हरकत अक्षरसंख्येची. घरातल्या संस्कारांचे नियम सांगणाऱ्या आश्वलायन गृह्यसूत्रात मुलांची नावे सम अक्षरांची आणि मुलींची विषम अक्षरांची असावीत असे आहे, पारस्करानेही तेच म्हटले आहे आणि वर नाव आकारान्त असावे अशी पुस्ती जोडली आहे. इरावतीत चार अक्षरे आहेत आणि शेवटी 'ती' आहे, म्हणजे ती दोन्हीकडे चुकते. यावर माझ्याकडे शास्त्रार्थ नाही. एवढेच म्हणते की या हिशेबाने सीता, राधा, कुंती, सरस्वती आणि खुद्द पार्वतीसुद्धा कुठे ना कुठे चुकतातच.

आईचे म्हणणे अधिक व्यवहारी होते आणि मला ते अधिक पटले. वर्गात या नावाची दुसरी मुलगी नसेल, प्रत्येक ठिकाणी नाव दोनदा सांगावे लागेल, आणि कोणीतरी 'ऐरावती' म्हणून हत्तीवरून चिडवेल. हे सर्व होईल. हत्तीचे तर नातेच आहे: वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात ऐरावत हा इरावतीचाच मुलगा सांगितला आहे. नाव किती दुर्मीळ आहे हे आकड्यांत सांगता येणार नाही, कारण अमेरिकेत जशी १८८० पासूनच्या बाळांच्या नावांची सरकारी मोजणी उपलब्ध आहे, तशी यादी आपल्याकडे दरवर्षी जाहीर करण्याची पद्धत नाही. माझ्या शाळेत, महाविद्यालयात आणि आजवरच्या नोकऱ्यांत मला एकही इरावती भेटली नाही, एवढाच माझा पुरावा. मला वाटते, प्रभावती, लीलावती, पद्मावती यांच्याबरोबर हिलाही जुन्या पिढीच्या कप्प्यात टाकले गेले. दोन अक्षरी नावांच्या हौसेमुळे 'इरा' मात्र आता बऱ्याच घरांतून ऐकू येते.

मराठी वाचकाला हे नाव एकाच व्यक्तीमुळे परके वाटत नाही. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला आणि त्या नदीवरूनच त्यांचे नाव ठेवले गेले. बर्लिनमध्ये डॉक्टरेट, डेक्कन कॉलेजातले अनेक वर्षांचे अध्यापन, मानववंशशास्त्रातले मूलभूत काम आणि १९६८ साली 'युगान्त'ला मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार, हे सारे बाबांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे. मला राहून राहून आठवतो तो त्यांचा 'परिपूर्ती' हा लेख. सभेत त्यांची ओळख करून देताना अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी असे सांगितले जाते, तरी काहीतरी राहून गेले असे त्यांना वाटत राहते. ते पुरे होते रस्त्यावरच्या शाळकरी मुलांनी त्यांना आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई म्हणून ओळखल्यावर. गेले तीन आठवडे इमारतीतले सगळे मला 'बाळाची आई' म्हणून हाक मारतात, त्यामुळे तो लेख मला आता निराळा वाचता येतो. त्या लेखात सुखाने स्वतःचे नाव मागे ठेवणाऱ्या बाईचे नाव इतके ठळक असावे, हे मला आवडते.

जन्माची नोंद आम्ही मुदतीत केली आहे. नावाची जागा तूर्त कोरी आहे आणि बारा महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क भरता येते, म्हणून कागदपत्रांची घाई नाही. इंग्रजीत 'व्ही' लिहायचा की 'डब्ल्यू' यावर आमच्या दोघांत मतभेद आहेत. कर्वे 'डब्ल्यू' लिहीत, म्हणून माझे मत तिकडे.

आईने घरात हाक मारायला 'इरू' म्हटले तरी चालेल. नणंदबाई कानात नाव सांगणार आहेत. तांदळावर ते बाबांनी स्वतःच्या हाताने लिहावे अशी आम्हा दोघांची इच्छा आहे. पहिली इ ऱ्हस्व आणि शेवटची ती दीर्घ हे त्यांना सांगावे लागणार नाही, बाकी कोणालाही लागेल. उत्तर लवकर पाठवावे.

कळावे, लोभ असावा.
तुमची लेक