एलसीतील फसवणूक पैसे सुटण्याआधीच रोखावी लागते

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हंगाम लागला की हिंगणघाट, वणी, पांढरकवडा भागातून रुईच्या गाठी दक्षिणेतल्या सूतगिरण्यांकडे निघतात. यातले कितीतरी व्यवहार साठ-नव्वद दिवसांच्या एलसीवर (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद आले की पैसे देऊ अशी घेणाऱ्याच्या बँकेची लेखी हमी) होतात. एलसी हातात आली म्हणजे पैसे आलेच, असे विकणारा धरून चालतो. माल खराब निघाला तर बँकेला सांगून पैसे अडवू, असे घेणाऱ्याला वाटते. दोन्ही समज चुकीचे आहेत.

बँक गाठी फोडून पाहत नाही, कागद पाहते: बिल, हुंडी, बिल्टी (वाहतूकदाराची पावती), विमा, वजनाची पावती. 1 जुलै 2007 पासून लागू असलेल्या यूसीपी 600 या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीची कलमे 4 आणि 5 हेच सांगतात. कागद एलसीच्या अटींशी वरकरणी जुळले की बँक पैसे देण्यास बांधील असते, आणि कागद बनावट निघाले तरी कलम 34 मुळे बँकेवर ठपका येत नाही. त्यामुळे ओलावा जास्त, कचरा जास्त, धागा आखूड अशा तक्रारींवर न्यायालय एलसी थांबवत नाही. त्यासाठी विकणाऱ्यावर वेगळा दावा करावा लागतो. घेणाऱ्याला गुणवत्तेची खात्री हवी असेल तर ती एलसीतच घालावी: धाग्याची लांबी, मायक्रोनेअर (तंतूचा जाडेपणा), ओलावा दाखवणारे त्रयस्थ सर्व्हेअरचे प्रमाणपत्र जोडल्याशिवाय पैसे नाहीत, अशी अट. सर्व्हेअर मात्र दोघांनाही मान्य हवा. प्रमाणपत्रावर फक्त घेणाऱ्याची सही चालेल अशी अट विकणाऱ्याने कधीही मान्य करू नये. सही अडली की पैसे अडले.

कागद जुळले की बँकेने पैसे द्यायचे, या नियमाला असलेला फसवणुकीचा अपवाद जगभर ज्या निकालावरून सांगितला जातो, तो 1941 चा न्यूयॉर्कचा आहे, आणि त्यातला विकणारा लखनौचा होता. ब्रशसाठीच्या राठ केसांऐवजी 50 पेट्यांत गाईचे केस आणि केरकचरा भरल्याचा आरोप होता. तो खरा असेल आणि पैसे देण्यापूर्वी बँकेला कळले असेल तर पैसे रोखता येतात, असे न्यायालयाने म्हटले. याच्या उलट 1982 मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आलेल्या प्रकरणात माल 16 डिसेंबरला चढला होता, पण बिल ऑफ लेडिंगवर (जहाजाच्या बिल्टीवर) 15 तारीख पडली. ती जहाज कंपनीच्या एजंटाने घातली होती, विकणाऱ्याला ठाऊक नव्हते. बँकेने पैसे द्यायलाच हवेत, असा निकाल लागला. म्हणजे कागद खोटा आहे एवढे पुरत नाही, पैसे मागणाऱ्याचा त्यात हात आहे हे दाखवावे लागते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2007 च्या हिमाद्री केमिकल्स निकालात पैसे रोखायला दोनच वाटा मोकळ्या ठेवल्या: व्यवहाराचा पायाच उखडणारी उघड फसवणूक, किंवा भरून न येणारे नुकसान.

मुदत फार थोडी असते. कागद पोहोचल्यानंतर तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच कामाचे दिवस मिळतात. त्यातच संशयाचे लेखी पत्र एलसी उघडणाऱ्या बँकेला देऊन पोच घ्यावी आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 खाली मनाईचा अर्ज करावा. 3 लाख किंवा त्यावरचा व्यापारी वाद वाणिज्यिक न्यायालयात जातो. तिथे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची असली तरी तातडीची मनाई मागितली असेल तर ती लागत नाही. आदेश 6 नियम 4 प्रमाणे फसवणुकीचा तपशील तारखांसह लिहावा लागतो. 'फसवले आहे' एवढ्यावर अर्ज टिकत नाही. नुसता एफआयआर नोंदवून पैसे थांबत नाहीत, हेही लोकांना कळायला हवे. आणि विकणाऱ्याच्या बँकेने बिल आधीच सद्भावनेने डिस्काउंट केले, म्हणजे मुदतीआधीच त्याचे पैसे विकणाऱ्याला दिले असतील, तर तिचे पैसे तुम्ही अडवू शकत नाही.

पुरावा बहुधा बिल्टीतच सापडतो. 170 किलोच्या 100 गाठी म्हणजे 17 टन. बिल्टीवरचा क्रमांक सहा चाकी ट्रकचा निघाला तर एवढे वजन त्यात कायद्याने बसतच नाही. जीएसटीखालच्या मालवाहतुकीच्या 12 अंकी ई-वे बिलाच्या भाग ब मधला गाडी क्रमांक, बिल्टीवरचा क्रमांक, काट्याच्या पावतीची वेळ आणि फास्टॅगच्या नोंदी शेजारी ठेवा. गाडी टोलवरून गेलीच नसेल तर न्यायाधीशांना वेगळे समजावण्याची गरज राहत नाही. शाखेत बिल घेतानाच हे ताडून पाहिले, तर गाठी न हलवता फिरवलेली कागदी बिले तिथेच सापडतील. बँकांनी ही सवय लावलीच पाहिजे.

विकणाऱ्यासाठी सर्वांत मोठा धोका बनावट एलसीचा. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर एकही गाठ गाडीत चढवू नये. देशातली एलसी बँकांच्या एसएफएमएस या संदेशप्रणालीतून आणि परदेशातली स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेशप्रणालीच्या एमटी 700 संदेशातून आपल्याच बँकेकडे यायला हवी. ती खरी दिसते की नाही हे ताडणे यूसीपीच्या कलम 9 प्रमाणे सल्लागार बँकेचे, म्हणजे एलसी विकणाऱ्याला कळवणाऱ्या बँकेचे काम आहे. त्या संदेशाची प्रत शाखेच्या सही-शिक्क्यानिशी मागावी. ती हाती पडेपर्यंत गाडी जिनिंगच्या फाटकाबाहेर काढू नये.

आपला,
एक वाचक, हिंगणघाट (जि. वर्धा)