मदत आजीच्या घरापर्यंत पोहोचावी

महोदय,

आफ्रिकेतील अनाथ मुलांना मदत करायची म्हटले की आपल्यापुढे अनाथाश्रमाची इमारत उभी राहते. परंतु एड्सच्या साथीत आईवडील गमावलेल्या तेथील बहुसंख्य मुलांना आसरा दिला तो आजी, मावशी, काका यांनीच, आणि तोही स्वतःची चूल जेमतेम पेटत असताना. म्हणूनच केनियाने २००४ मध्ये सुरू केलेली योजना मला मोलाची वाटते. अशा मुलांना सांभाळणाऱ्या गरीब कुटुंबाच्या हाती सरकार नियमित रोख रक्कम देते. मूल घरातच राहावे आणि त्याची शाळा सुटू नये, हा त्यामागचा हेतू. झिम्बाब्वेतील ‘झुंडे रा मांबो’ ही प्रथा तर कितीतरी जुनी: गावप्रमुखाच्या शेतात सर्वांनी राबायचे आणि ते धान्य अनाथ, विधवा व वृद्धांसाठी राखायचे.

मात्र पोटापुरते धान्य म्हणजे संरक्षण नव्हे. वडिलांच्या मृत्यूनंतर नातेवाइकांनीच मुलांची मालमत्ता बळकावण्याचे प्रकार रोखण्यासाठी मलावीला २०११ च्या वारसा कायद्यात तो गुन्हा ठरवावा लागला. देणगीदारांनी, आणि त्यांत आपणही आलो, नव्या इमारतींऐवजी अशा कुटुंबांना व मुलांच्या कायदेशीर साहाय्याला निधी द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक