सोमवारपासून येऊ नकोस

ताई,

सप्रेम नमस्कार.

‘सोमवारपासून येऊ नकोस,’ असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी तुमच्याच टेबलाखाली बसून केबलींना लेबलं चिकटवत होतो. वर बघायचंही सुचलं नाही. पाच महिने होऊन गेले होते, आता कुठे सगळे मला नावानं हाक मारायला लागले होते, आणि तुम्ही अगदी सहज, ‘तो दिवा बंद कर’ म्हणावं तसं ते म्हणालात. इतका चिडलो होतो की निघताना धड निरोपही घेतला नाही. तो राहिलेला निरोप आज घेतोय. चारचौघांत घेतोय, कारण चित्रपटसंगीतात शिरू बघणारी मुलंमुली हल्ली मलाच विचारतात की इंटर्नशिप कशी मिळवायची, तिथे काय करायचं. प्रत्येकाला तुमचीच गोष्ट सांगतो. एकदा तुम्हालाही सांगायला हवी.

तेव्हा मी दिसेल त्या पत्त्यावर मेल पाठवत होतो. ‘संगीत हा माझा श्वास आहे’ छापाची वाक्यं आणि खाली माझ्या सहा रचनांचे दुवे. उत्तर फक्त तुमचं आलं, तेही एका ओळीचं: ‘स्कोअरमधून वादकांचे पार्ट काढता येतात असं लिहिलंय. खरंच येतात का?’ माझ्या श्वासाबद्दल अक्षर नाही, रचनांबद्दलही नाही. पार्ट म्हणजे सगळ्या वाद्यांच्या एकत्र स्वरलिपीतून एकेका वादकासाठी वेगळी काढलेली पानं. त्यांची ती ओळ मी अगदी शेवटी, मेल फार लहान दिसतोय म्हणून टाकली होती. आज माझ्याकडे असे मेल येतात तेव्हा मीही आधी तळाशी बघतो.

पहिल्या आठवड्यात वाटलं होतं, संगीतकार असलेल्या सरांच्या पियानोशेजारी बसायला मिळेल. तुम्ही त्यांच्या म्युझिक एडिटर, संगीत चित्राशी जुळवणाऱ्या. तुम्ही मला फाइलींची नावं लिहायला बसवलंत. ३एम२ म्हणजे तिसऱ्या रीलमधला दुसरा संगीताचा तुकडा, मधला ‘एम’ म्युझिकचा. मी विचारलं, आता फिल्मची रिळं कुठे असतात? तुम्ही म्हणालात, दोन हजार फुटांच्या रिळात जेमतेम बावीस मिनिटं मावायची, रीळ गेलं तरी माणसं चित्रपटाचे तुकडे अजून तसेच पाडतात. मग नावात आवृत्ती, तारीख, चित्राची कोणती कापणी, म्हणजे संकलनाची कोणती प्रत, समोर ठेवून लिहिलंय ते, सगळं आलं. ‘फायनल’ हा शब्द फाइलीच्या नावात दिसला की तुम्ही ती उघडतच नव्हता. ‘फायनल_नवीन_खरंच_फायनल’ हे माझं बारसं तुम्ही स्टुडिओत किती जणांना वाचून दाखवलंत, हे मी विसरलेलो नाही.

त्या कामाचा मला कंटाळा यायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही. रोज संध्याकाळी दोन डिस्कांवर बॅकअप, दिग्दर्शकाकडून नवी कापणी आली की कुठे किती फ्रेम गेल्या त्याची यादी, वादकांच्या पार्टमध्ये पान उलटायची जागा विश्रांतीच्या मात्रांवर येते का ते बघणं. यात संगीत कुठे आहे, असं मनात यायचं.

मग ते दाराचं प्रकरण झालं.

चार मिनिटांचा क्यू, म्हणजे संगीताचा तुकडा, होता. शेवटी नायिका दार लोटते आणि त्या क्षणी सगळा वाद्यमेळ एकदम थांबतो. स्पॉटिंगच्या, म्हणजे संगीत कुठे सुरू करायचं, कुठे थांबवायचं ते ठरवतानाच्या, टिपणांतून टाइमकोड (चित्रातल्या त्या जागेची फ्रेमपर्यंतची वेळ) घेऊन खुणा बसवायचं काम माझं. चित्र आलं होतं सेकंदाला २३.९७६ फ्रेमचं, आणि मी संगणकावर संगीताचं सेशन उघडलं २४चं. फरक हजारात एक. पहिल्या मिनिटात कळतही नाही, कारण तेव्हा तो दीड फ्रेमसुद्धा नसतो. चार मिनिटांनी मात्र पाव सेकंदाला जरासाच कमी, म्हणजे जवळपास सहा फ्रेम होतो. संगीत आधी थांबायचं, दार मागून लागायचं. छोटे क्यू ठीकच वाटत होते, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

सरांना ‘शेवट घाईचा होतोय’ एवढंच जाणवत होतं. दोन दिवस ते त्या शेवटाशी झगडत होते. तंतुवाद्यं कमी केली, एक मात्रा वाढवली, पुन्हा काढली. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकत होतो, आणि मनात म्हणत होतो, अनुभवी माणसालाही अडतं तर!

रेकॉर्डिंगच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही माझ्यामागे येऊन उभ्या राहिलात. तो क्यू लावायला सांगितलात. मी सुरुवातीपासून लावला तर म्हणालात, ‘सुरुवात सगळ्यांचीच जुळते. शेवट लाव.’ तुमच्या हातात ते जुनं स्टॉपवॉच होतं, ज्याच्या बटणावरचा मुलामा अंगठ्यानं झिजून खालचं पितळ दिसतं. एकदा दाबलंत, पुन्हा दाबलंत, काट्याकडे बघितलंत आणि विचारलंत, ‘सेशन किती फ्रेमचं आहे?’

त्या प्रश्नानंतर माझ्या पोटात जो गोळा आला, तो सांगायला नको.

दुरुस्ती तशी सोपी होती. मिनिटाला ९६ ठोक्यांचा टेम्पो ९५.९०४ केला, खुणा पुन्हा बसवल्या, वादकांच्या कानात लय देणारा क्लिक नव्यानं काढला, बाकीचे क्यूही एकेक करून शेवटाकडून तपासले. सरांनी दोन दिवसांत खोडलेलं सगळं परत आणलं, त्यांचा पहिला शेवटच बरोबर होता. अवघड होतं ते त्यांना सांगणं. माझी अपेक्षा होती की तुम्ही सांगाल किंवा गुपचूप निस्तराल. तुम्ही मला त्यांच्या खोलीत नेलंत, दार लावून घेतलंत आणि गप्प राहिलात. मी चाचरत सगळं सांगितलं. ते काही बोलायच्या आत तुम्ही एवढंच म्हणालात, ‘तपासायचं काम माझं होतं, ते मी आज केलं. परवा करायला हवं होतं.’

ताई, त्या वाक्यासाठी मी तुमचा सगळ्यात जास्त ऋणी आहे. चूक माझ्या तोंडून वदवून घेतलीत, पण तिथे मला एकट्याला उभं केलं नाहीत. सर हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. ‘म्हणजे मी ठीक लिहिलं होतं,’ असं म्हणून त्यांनी खुर्ची मागे ढकलली आणि डोळे चोळले. मी दोन दिवस एका माणसाला स्वतःच्या हातावर संशय घ्यायला लावला होता, हे तेव्हा डोक्यात शिरलं. यात संगीत कुठे आहे, हा प्रश्न त्यानंतर पडला नाही.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगच्या वेळी तुम्ही मला काचेच्या आतल्या बाजूला बसवलंत. पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकत जाणारी ती उभी रेघ आणि ती पोचताच होणारा लखलखाट मी पहिल्यांदा प्रत्यक्षात पाहिला. हॉलिवूडचे जुने संगीतकार आल्फ्रेड न्यूमन यांच्या नावानं ओळखली जाणारी ही पद्धत संगणकाच्या कितीतरी आधीची, तरी वाद्यमेळ चालवणारा आजही तिच्यावर नजर ठेवून हात खाली आणतो, हे बघून गंमत वाटली. दर १२ फ्रेमला एक क्लिक म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांची लय, हा फिल्मच्या काळातला हिशेबही तुम्ही तिथेच, दोन टेकच्या मध्ये, माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलात. दार लागलं, वाद्यं थांबली. एकाच फ्रेमवर.

माझ्या चालीचा किस्साही सांगून टाकतो. मी एका प्रसंगावर स्वतःची चाल बसवली होती आणि सरांच्या कानावर कधी घालता येईल याची संधी शोधत होतो. तुम्ही म्हणालात, आधी मला ऐकव. काम संपल्यावर, सगळे गेल्यावर, पूर्ण ऐकलीत. मग म्हणालात, ‘आता संवाद चालू करून लाव.’ मी चाल क्लॅरिनेटला दिली होती, आणि ती बरोबर बोलणाऱ्या माणसाच्या आवाजाच्या पट्टीत जाऊन बसली होती. दोघंही एकाच वेळी बोलत होते, कळत कुणाचंच नव्हतं. ‘चाल चांगली आहे,’ तुम्ही म्हणालात, ‘पण ती ऐकून घेत नाही.’ मी ती सरांना कधीच ऐकवली नाही. बरं झालं.

आणि क्यू शीट! कुठला तुकडा, कुणी रचला, हक्क कुणाकडे, किती सेकंद वाजला, पुढे वाजला की मागे, हे भरायचं काम मला शिक्षा वाटायचं. रॉयल्टी वाटणाऱ्या संस्था हाच कागद बघून पैसे वाटतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या आकड्यांचं अक्षर सुधारलं.

आता त्या सोमवारकडे येतो.

आमच्या क्षेत्रात एक गोड गोष्ट फार फिरते. हॉलिवूडचे संगीतकार जेरी गोल्डस्मिथ १९५० साली सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीच्या संगीत विभागात टंकलेखक कारकून म्हणून लागले. तिथलेच हान्स झिमर आधी संगीतकार स्टॅन्ली मायर्स यांच्या हाताखाली होते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी कल्याणजी-आनंदजींकडे सहायक म्हणून काम केलं. सगळं खरं आहे, आणि मीही ते स्वतःला रोज रात्री सांगायचो: थांब, टिकून राहा, कधीतरी दार उघडेल. यांच्याच शेजारच्या टेबलावर कोण होतं आणि त्यांचं पुढे काय झालं, हे कुणी सांगत नाही. मी पाच महिने बिनपगारी होतो, आणि आणखी पाच महिने राहिलो असतो, कारण मला तिथून हलायची भीती वाटत होती.

तुम्ही मला टेबलाखालून बाहेर बोलावलंत आणि न्यूयॉर्कच्या त्या खटल्याबद्दल सांगितलंत. एका चित्रपटावर फुकट राबलेल्या इंटर्ननी २०११ मध्ये तो भरला होता. २०१३ मध्ये न्यायाधीशांनी त्यांना कर्मचारीच ठरवलं. २०१५ मध्ये वरच्या न्यायालयानं तो निकाल बाजूला ठेवून वेगळी कसोटी लावली: या नात्यात मुख्य फायदा कुणाचा होतोय? कायदा तिकडचा, पण प्रश्न इथे विचारायला कुणाची बंदी नाही, असं म्हणून तुम्ही तो मला विचारलात. मी म्हणालो, माझाच, मी शिकतोय ना. ‘गेल्या महिन्यात नवीन काय शिकलास?’

मी आठवू लागलो. केबली आठवल्या.

‘पहिले तीन महिने तुझा फायदा होता. आता आमचा होतोय,’ तुम्ही म्हणालात. ‘इथे पगार द्यायची सोय माझ्या हातात नाही. म्हणून सोमवारपासून येऊ नकोस.’ मग कागदाच्या चिठोऱ्यावर दोन फोन नंबर लिहून दिलेत. एक पार्ट तयार करणाऱ्यांचा, एक तुमच्यासारख्याच म्युझिक एडिटरचा. दोघांना आधीच माझ्याबद्दल सांगून ठेवलं होतंत, हे मला फोन केल्यावर कळलं. मी मात्र पंधरा दिवस रुसून बसलो होतो, फोन केलाच नव्हता. ते पंधरा दिवस अजून सलतात.

पहिलं पैशाचं काम मिळालं ते पार्ट तपासण्याचं. प्रत्येक मात्राखंडाला क्रमांक आहे का, सूरचिन्हं सुटली आहेत का, पान कुठे उलटतंय. रात्रभराचं काम, आणि सकाळी हातात पैसे. तुमचा तो एका ओळीचा मेल आठवला. मग एका चित्रपटावर सहायक, मग आणखी एका. गेल्या वर्षी श्रेयनामावलीत ‘म्युझिक एडिटर’च्या पुढे नाव आलं, तेव्हा चित्रपटगृहात दिवे लागले होते आणि लोक उठून चालले होते. मला त्याचं काही वाटलं नाही, मी बघितलं ना.

आता माझ्या हाताखाली एक मुलगी शिकायला येते. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, मला संगीत कधी करायला मिळेल? मी तिला फाइलींची नावं लिहायला बसवलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन महिन्यांनंतरच्या तारखेला लाल गोल केला आहे. कशाचा, ते तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि त्या तारखेपासून तिला पगार मिळेल अशी तजवीज निर्मात्याशी भांडून करून ठेवली आहे. तुमच्या हातात जे नव्हतं, ते माझ्या हातात थोडंसं आलंय.

एक राहिलं. त्या शेवटच्या संध्याकाळी माझी पिशवी भरताना चुकून तुमचं स्टॉपवॉच माझ्याकडे आलं. चुकून, असं मी इतकी वर्षं धरून चाललोय. तुम्ही कधी मागितलं नाहीत, त्यामुळे आता शंका येते. परत हवं असेल तर कळवा, स्वतः आणून देईन. नाही कळवलंत तर ठेवून घेतो. बटण आता अडकतं, थोडं तिरकं दाबावं लागतं.

तुमचा,
टेबलाखालचा