बाबांचा आजार ओळखणाऱ्या आशाताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

मी दोनदा फोनवर तुमचे आभार मानले आणि दोन्ही वेळा ‘अहो, ते आमचं कामच आहे’ म्हणून तुम्ही विषय बदललात. म्हणून हे जाहीर पत्र. बाबांची परवानगी घेऊनच ते लिहीत आहे; गावाचे आणि कोणाचेही नाव यायला नको, एवढीच त्यांची अट आहे.

गेल्या वर्षीच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी सुट्टी काढून घरी आलो होतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घरी बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळून ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या’ असे म्हणण्याचा मान बाबांचा. त्या संध्याकाळी ते बाजेवरून उठले नाहीत. आईने हळद कालवून वाटी त्यांच्या पायाशी आणून ठेवली, आणि दिवेलागणीला पाहिले तेव्हा वाटीला मुंग्या लागलेल्या होत्या. मी नवी हळद घेऊन ते काम उरकले आणि मनातल्या मनात चिडलो, की वय झाले म्हणून इतकाही कंटाळा करू नये. ताई, तो कंटाळा नव्हता हे मला समजायला आणखी दोन महिने आणि तुमची भेट लागली.

मागे वळून पाहिले की सगळे दिसते. मी पुण्याहून फोन केला की बाबा पाऊस, कापसाचा भाव आणि गावातल्या भानगडी असे अर्धा तास बोलायचे. उन्हाळ्यानंतर मात्र ‘घे, आईसंग बोल’ एवढेच म्हणू लागले. ते पहाटे तीन-साडेतीनला जागे होऊन ओट्यावर बसत, सकाळी त्यांना अंग उचलवत नसे आणि संध्याकाळी थोडे बरे वाटे. जेवण निम्म्यावर आले होते, शर्ट अंगात लोंबू लागला होता. सोसायटीच्या कर्जाचा कागद ते तीन-तीनदा वाचत आणि तरी त्यातले काय वाचले ते सांगता येत नसे. बोलताना शब्द संथ झाले होते, आणि मध्येच, काही कारण नसताना, ‘माह्यामुळंच घराची वाट लागली’ असे म्हणत. एवढे असूनही ते कधी रडले नाहीत, ‘मी उदास आहे’ असेही कधी म्हणाले नाहीत. डोके जड आहे, अंग दुखते, पोट साफ होत नाही, याच त्यांच्या तक्रारी. त्यामुळे आम्ही तालुक्याला जाऊन सलाईन लावून घेतले, ताकदीची इंजेक्शने घेतली, आणि एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून नजरही उतरवली.

नैराश्य हा शब्द आपण परीक्षेतल्या गुणांपासून क्रिकेटच्या सामन्यापर्यंत कशालाही लावतो, त्यामुळे तो आजार म्हणून समोर येऊन बसला तरी ओळखू येत नाही, असे माझे मत झाले आहे.

तुम्ही आलात त्या दिवशी मी योगायोगाने घरी होतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत २०१५ पासून प्रेरणा प्रकल्पात आशा स्वयंसेविका घरोघरी जाऊन मनाच्या आजाराविषयी विचारतात, हे मला तोवर ठाऊकही नव्हते. तुम्ही ‘काका, दुःखी वाटते का?’ असे विचारले असते, तर ‘मले काही झालं नाही’ हे उत्तर ठरलेले होते. तुम्ही विचारलेत, ‘काका, आधी कशात मन रमायचं? भजनाला जात होते ना? गेल्या पंधरा दिवसांत किती वेळा गेले?’ बाबा बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘कायचीच गोडी नाही राह्यली, बाई.’ मन खिन्न राहणे किंवा कशातही रस न उरणे, या दोहोंपैकी एक तरी लक्षण आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा यांतली मिळून किमान पाच लक्षणे दोन आठवडे जवळजवळ रोज टिकली, तर ते नैराश्य समजावे, हे पुढे डॉक्टरांनी सांगितले. तुम्ही ते ओट्यावरच हेरले होते.

नंतरचा प्रश्न ऐकून मी दचकलो. आवाज न चढवता तुम्ही विचारलेत, ‘जीव द्यावासा वाटतो का, काका?’ असे विचारल्याने नको तो विचार डोक्यात शिरेल, ही माझी समजूत होती. बाबा म्हणाले, ‘कधी कधी.’ असे विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते, हे तुम्ही मला नंतर अंगणात समजावलेत. फवारणीची सगळी औषधे त्याच दुपारी माझ्या चुलत्यांच्या घरी हलवायला लावलीत, बाबांना एकटे ठेवू नका म्हणालात, आईच्या मोबाइलमध्ये टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक साठवून दिलात, आणि दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या गाडीत आमच्यासोबत स्वतः बसलात.

तिथे थायरॉइड आणि बी-१२ तपासून झाल्यावर गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, असे डॉक्टरांनी बजावले होते, तरी आठव्या दिवशी बाबांनी ‘काही फरक नाही’ म्हणून गोळी बाजूला ठेवली. तुम्ही पाकीट हातात घेऊन रिकाम्या जागा मोजल्यात आणि रागावलात. आम्ही कोणी रागावलो असतो तर भांडण झाले असते. तुमच्यापुढे ते लहान मुलासारखे पाणी मागून गोळी गिळते झाले. बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडायचे नसते, हे आता तेच शेजाऱ्यांना ऐकवतात.

तुमचा मोबदला कामाच्या बाबींवर ठरतो असे ऐकतो. त्या दिवशी तुम्ही ओट्यावर दीड तास बसलात, त्यातला निम्मा वेळ कोणी काहीच बोलत नव्हते. तो वेळ तुमच्या नोंदवहीच्या कोणत्या रकान्यात गेला असेल, हा प्रश्न मला अजून पडतो.

बाबा पूर्ण पूर्वीसारखे झालेले नाहीत. एखाद्या पहाटे अजून ओट्यावर दिसतात. पण गेल्या रविवारी मी फोन केला, तेव्हा तूर कशी लागली ते त्यांनी वीस मिनिटे सांगितले आणि आई मागून ‘मले बी बोलू द्या’ म्हणत होती.

आपला नम्र,
काकांचा पुण्यातला मुलगा