भीड पडते तिथे

प्रिय बाळा,

लायसन्स हातात आलं, मित्रांबरोबर रात्री बाहेर जाणंही वाढलं, म्हणून हे लिहिते आहे. फोनवर बोलले असते तर ‘हो गं आई’ म्हणून तू विषय संपवला असतास.

पिऊन गाडी चालवणारी मुलं म्हणजे बेफाम, असं सगळे धरून चालतात. त्यात तथ्य आहे. सतत थरार हवा असणारे, मागचापुढचा विचार न करणारे तरुण यात जास्त सापडतात, हे मानसशास्त्राच्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तू तसा नाहीस. तरी मी निर्धास्त नाही, कारण तू भीडस्त आहेस. मित्र प्यायलाय हे दिसत असूनही ‘आपण कशाला वाईटपणा घ्या’ म्हणत तू मुकाट्याने त्याच्या मागे बसशील. शिवाय अशा गाडीत वरचेवर बसणारा पुढे स्वतःही पिऊन चालवण्याची शक्यता वाढते.

सोबतीचा परिणाम किती होतो बघ. २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. पिवळा दिवा लागला की थांबायचं, की अजून थोडं दामटायचं? दोस्त शेजारी असले की किशोरांनी आणि १८ ते २२ वयाच्यांनी जास्त धोका पत्करला. चोविशी ओलांडलेल्यांना सोबतीने फारसा फरक पडला नाही. आणि हा नुसता खेळ होता, दारू त्यात नव्हतीच.

दारू आधी विवेकावर घाला घालते. ‘मी ठीक आहे’ हा निवाडा जो मेंदू देतो, तोच प्यायलेला असतो. चढलेली उतरू लागली की माणसाला आपण शुद्धीवर आलो असं वाटतं, हात-डोळे मात्र मागेच असतात. कॉफीने किंवा गार पाण्याने काही होत नाही. दारूचा निचरा यकृत करतं, तेही आपल्याच गतीने. त्यातून एकदा धडधाकट घरी पोचलं की पुढच्या वेळी भीती आणखी कमी होते. ‘सगळेच चालवतात’ हेही खरं नसतं. टॅक्सीने गेलेल्यांची कोणी गोष्ट सांगत नाही, एवढंच.

म्हणून गाडी कोण चालवणार हे पहिला ग्लास भरायच्या आधी ठरवा. त्याने अजिबात प्यायची नाही. ‘सगळ्यांत कमी प्यायलेला’ चालणार नाही. तुला नाही म्हणणं जड जात असेल तर खुशाल माझ्यावर ढकल: ‘आमची आई फार कटकटी आहे.’ तेवढी बदनामी मला चालेल.

आणि अडलास तर कितीही वाजता फोन कर. मी येईन, रात्री एक शब्द विचारणार नाही. सकाळी विचारेन, ते सोडणार नाही. फोन मात्र मलाच कर. बाबा एकदा घोरायला लागले की त्यांना रिंग ऐकू येत नाही.

तुझी,
आई